जाते म्हणू नये

सोमवार, ३ तारीख

आले एकदाची! ट्रंक, पायाने चालवायचं शिलाई मशीन आणि मी, तिघंही धडधाकट पोचलो. टेम्पोतून सामान उतरवताना मुलगा म्हणत होता की आई, या वयात लोक नोकरी सोडतात आणि तू धरतेस. मी म्हटलं, शहाण्या, धरल्याशिवाय सोडणार कशी? काम तरी कितीसं, सहामाही परीक्षेपर्यंतचं. आधीच्या शिवणाच्या बाई अचानक वारल्या, मुलींचे फ्रॉक बेतून अर्धवट पडलेत. शाळेला घाई, मला हौस. बोलाफुलाला गाठ पडली.

आणि शाळा परक्याची थोडीच आहे? माझीच. याच दारातून घट्ट वेण्या घालून आत आले आणि याच दारातून शेवटची परीक्षा देऊन बाहेर पडले. पुढचं शिक्षण कुणी दिलं नाही. जुन्या वर्तमानपत्रांवर कपडे बेतायचे, फाडायचे, पुन्हा बेतायचे, अशी माझी मीच शिकले. आज त्याच शाळेत मला पोरी ‘बाई’ म्हणाल्या आणि मी मागे वळून पाहिलं, कुठल्या बाई आल्या म्हणून! म्हातारी झाले तरी खोड जात नाही.

खोली शिवणवर्गाला लागूनच आहे. उजेड भरपूर, सुईत दोरा पहिल्या झटक्यात जातो. जिन्याच्या लाकडी पायऱ्या मधोमध झिजून बशीसारख्या झाल्यात. भिंतींना अर्ध्यापर्यंत तोच हिरवा तेलरंग. वाससुद्धा तोच, खडूचा आणि ओल्या मोज्यांचा.

बुधवार, ५

आज शेवटचा तास मोकळा होता. कडेच्या बाकावर बसून हातशिलाई करता करता जुनं सगळं वर आलं.

नुसत्या मुलींची शाळा म्हणून आम्हाला बाहेरची मंडळी चिडवायची, की कोंबड्यांचं खुराडं. पण त्या खुराड्यात आम्हीच कोंबड्या आणि आम्हीच कोंबडे. बाक उचलायचे आम्ही, ढोल बडवायचा आम्ही, शिडीवर चढून दिवा बदलायचा तोही आम्हीच. घरी मला हळू हस म्हणायचे. इथे मी तोंड उघडून हसायला शिकले. माझी जोडीदारीण टिटवी. नाव तिच्या आवाजावरून पडलं. ती बोलली की खिडकीतले पक्षी उडायचे. आणि घोडी, हेही टोपणनावच, आमच्या दोन वर्षं पुढे, तेव्हाही शिडीएवढी उंच आणि आताही. ती आता इथलं वाचनालय सांभाळते. मला पाहून तिने मिठीच मारली, म्हणाली, आलीस होय, वाटच बघत होते.

आणि मोठ्या बाई. त्या जाऊन किती वर्षं झाली, तरी नाव काढलं की माझी पाठ सरळ होते. रोज शाळा सुटली की त्या दाराशी उभ्या राहायच्या. कुणी नुसतं पळायचं नाही. एकेकीने समोर थांबून ‘येते, बाई’ म्हणायचं आणि त्यांनी ‘ये’ म्हटलं की मगच उंबरठा ओलांडायचा. तेवढं सोडलं तर फार मायाळू बाई. निघताना जाते म्हणू नये, येते म्हणावं, हे घरीही शिकवतातच की. जाणारी परत येत नाही.

हल्लीच्या पोरी दारातून ‘बाय’ करत सुटतात. वळण म्हणून नाही!

रविवार, ९

दोरे आणायला बाजारात निघाले. दाराशी घंटेवाली स्टुलावर बसली होती. तीही आमच्याच शाळेची, आता तास संपल्याची घंटा देते. तिला ‘येते गं’ म्हटलं आणि पुढे गेले. दुकानात निळ्या दोऱ्याची रिळं घेतली. येताना कोपऱ्यावर बसथांब्यापाशी थांबून नातीसाठी रिबीन घ्यायची होती.

ती घेतली की नाही ते आठवत नाही. म्हणजे दुकानाची पायरी उतरले, आणि पुढचं पाऊल ठेवलं ते शाळेच्या जिन्यावर. पिशवीत रिळं होती. रिबीन नव्हती. मधला सबंध रस्ता कुठे गेला कोण जाणे.

चाळिशीच्या नंबराबरोबर डोक्याचाही नंबर बदलायला झालाय, दुसरं काय.

गुरुवार, १३

नातीला, माझ्या चिंगीला, पुढच्या वर्षी इथेच घालायचं असं मी मुलाशी ठरवूनच आले होते. आज ऑफिसात बोलले. शनिवारी, बावीसला, आणा म्हणाल्या, जागा आहे. किती आनंद झाला! तीन पिढ्यांतली दुसरी मुलगी इथे शिकणार.

तो आनंद सांगायला घोडीकडे गेले. बोलता बोलता विचारलं की सुट्टीत घरी कधी जातेस. ती पुस्तकांवरची धूळ झटकत राहिली. मग म्हणाली की तीही थोड्या दिवसांसाठीच आली होती. घंटेवालीसुद्धा. मागच्या खोल्यांत राहणाऱ्या शाळेच्या जुन्या मुली, सगळ्याच. तुझ्या मुलाच्या लग्नाला नव्हतीस का गेली, मी विचारलं. घोडी म्हणाली, निघाले होते गं, नवी साडी नेसून निघाले होते. पण दारात तोंडातून ‘येते’ असंच निघतं ना. मग काय करणार, येतेच.

ती हसली. मीही हसले. खोलीत येऊन दाराला कडी घातली आणि भर दुपारी पांघरूण घेऊन बसले.

रविवार, १६

मुलाकडे जायचं ठरवलं. सकाळच्या उन्हातच निघाले. म्हटलं, घोडीचं म्हणणं खरं असो की खोटं, आपण दारात तोंडच उघडायचं नाही. कानाला खडा. शिवताना धरते तशा ओठांत टाचण्या धरल्या, ओळीने, गच्च.

उंबरठ्याशी आले. घंटेवाली माझ्याकडे बघत होती, कीव आल्यासारखी. माझी जीभ हलली. मी हलवली नाही. टाचण्यांमधून, ओठ फाटत, शब्द बाहेर आला — येते.

आणि दाराच्या मागून, जिथे कुणी नव्हतं, हळू आणि मायेने कुणीतरी म्हणालं — ये.

बसमध्ये बसल्याचं आठवतं. तिकीट अजून मुठीत आहे. डोळे उघडले तेव्हा शिवणवर्गात मशीनपुढे होते, पाय पट्टीवर चालत होते, सुईखाली कापड नव्हतं.

दुपारी वरून पाढे ऐकू आले. रविवारी कोण पाढे म्हणतंय? आणि आवाज मुलींचे नव्हते, बायकांचे होते, घोगरे, दमलेले. सातवीच्या वर्गात डोकावले. घोडी, घंटेवाली, मागच्या खोल्यांतल्या सगळ्या, छोट्या बाकांत गुडघे दुमडून आपापल्या जुन्या जागी बसल्या होत्या. समोर खुर्ची रिकामी. खिडकीजवळच्या बाकावरची अर्धी जागा टिटवीची, तिच्यावर बोटभर धूळ. उरलेली अर्धी लख्ख पुसलेली.

ती माझी जागा.

मंगळवार, १८

घंटेवालीला गाठून विचारलं. आधी टाळलं तिने. मग म्हणाली की एकदा बाईंनी ‘ये’ म्हटलं की संपलं, बोलावणं आज ना उद्या लागू पडतंच. आम्ही सगळ्यांनी शाळा सोडताना ‘येते’ म्हटलं होतं. एका टिटवीने नाही. खरंच की! निरोपाच्या दिवशी ती ‘जाते, बाई!’ असं किंचाळून, उत्तराला न थांबता पळाली होती. आम्हाला वाटलं होतं हिचं काही खरं नाही. टिटवी आज समुद्रापलीकडे आहे, मजेत. शाळा कधी स्वप्नातसुद्धा येत नाही म्हणते. मला आयुष्यभर हाच जिना स्वप्नात दिसत आला.

मग आधीच्या शिवणाच्या बाई? त्याही इथल्याच. त्यांनी म्हणे दिवसेंदिवस जीभ वळवून वळवून एकदाचं दारात ‘जाते’ म्हटलं. पण पळायला पाय उरले नव्हते. उत्तर ऐकलं. मोठ्या बाई म्हणाल्या — जा.

शिवणाच्या बाई पायरीवरच गेल्या.

हल्लीच्या पोरींना काही होत नाही, घंटेवाली म्हणाली. त्या ‘बाय’ म्हणतात. ‘बाय’ला काय उत्तर देणार?

मला हायसं वाटलं. आणि मग वाटलं नाही. माझी चिंगी ‘बाय’ म्हणत नाही. लाडाची, गुणाची पोर. शेजारणीकडून निघाली तरी उंबरठ्यावर थांबून गोड म्हणते, येते हं. कुणी शिकवलं?

मी शिकवलं.

बुधवार, १९

मुलाला ऑफिसातून फोन लावला. पाठ करून गेले होते — येऊ नका, चिंगीला आणू नकोस. तोंडातून आलं, या हो, नक्की या, वाट बघते. तो खूश झाला. म्हणाला, आई, आवाज किती तरुण वाटतोय तुझा.

पुन्हा लावला. पुन्हा तेच.

गुरुवार, २०

दुपारी पाय आपोआप वर गेले. माझ्या जागी बसले. बरोबर मावले, गुडघेसुद्धा अडले नाहीत.

ही वही बाकाखाली मांडीवर धरून चोरून लिहीत होते. तोंड माझं राहिलं नाही पण हात आहे, शिवणाचा हात आहे, तो कुणाचं ऐकत नाही. लिहिताना मानेवर गार लागलं. मोठ्या बाईंची ती सवय! तासाला मुलगी दुसरंच काही लिहिताना दिसली की दार, वर्ग, सगळं सोडून तिच्या मागे येऊन उभ्या राहायच्या आणि शेवटचा शब्द होईपर्यंत वाचायच्या. कधी मधे तोडलं नाही.

आताही कुणी मागे आहे. वाचतंय. खडूचा वास —

नमस्कार, बाई.

शुक्रवार, २१

आरशात वेण्या दिसल्या. मी घातल्या नव्हत्या.

मुलाचं नाव आठवायला वेळ लागला. चिंगीचं आठवतं. अजून आठवतं.

चिठ्ठी लिहून खिडकीतून टाकली, चिंगीला आणू नकोस म्हणून. घंटेवालीने उचलली. घडी घातली. खिशात ठेवली. वर बघून मान हलवली, नाही म्हणून. तीही बिचारी काय करणार —

शनिवार, २२

आले. दोघं आले. वर्गाच्या खिडकीतून दिसतायत. चिंगीने पांढरे मोजे घातलेत. ऑफिसात गेले. मी उठू शकत नाही. हाक मारते तर पाढा निघतो.

बाई दाराशी आहेत. दिसत नाहीत, पण घंटेवाली उठून बाजूला सरकलीय, स्टूल भिंतीला लावलंय. जागा केलीय.

ऑफिसातून बाहेर आले. मुलगा हसतोय, जागा मिळाली वाटतं. चिंगी उड्या मारत दाराकडे —

बाई, इकडे. मी लिहितेय, बाई. तासाला. वही उघडी टाकून बाकावरच लिहितेय, बघा. पाढे नाही, दुसरंच. या ना. या, बाई.

गार लागलं. मानेवर. आल्या.

वाचा बाई. अजून आहे. संपलं नाही. पुष्कळ लिहायचंय. ऊन पडलंय अंगणात, माझी नात उंबरठ्याशी आहे, तुम्ही तिकडे बघू नका, इथे बघा, अक्षर बघा किती वाईट, ओळी वाकड्या, तुम्ही छडी मारायच्या अशा ओळीला — चिंगी थांबलीय. वळून उभी. ओठ हलले. म्हटलं तिने. म्हटलं. दाराशी उत्तर द्यायला कुणी नाही, बाई, तुम्ही इथे आहात, माझ्याजवळ, शेवटचा शब्द झालेला नाही — उतरली. पायऱ्या उतरली. बापाचा हात धरला. फाटकाबाहेर —

गेली. माझी बाय गेली, सुटली.

अजून मागेच आहेत. वाट बघतायत, शब्द पुरा व्हायची. सगळ्या वळून माझ्याकडे बघतायत. घोडी नको नको करतेय. तोंडाने नाहीच जमलं मला. हात मात्र माझा आहे. तिला पुन्हा आणतील, आजी इथे आहे म्हणून आणतील. इथे आजी असायलाच नको.

बाई, मी जा—