चुंबकाला न चिकटलेली साखळी

४ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी घरी जे झालं ते दादाने फोनवर सांगितलं. मला समजलं ते असं:

१. दुपारी मावशी आणि तिच्या घरचे जेवायला आले होते.
२. ताटं वाढताना तू म्हणालीस की तुझी सोन्याची साखळी न्हाणीघरातल्या फळीवर नाही.
३. मावशीने वहिनीला विचारलं की तिच्या गळ्यात काय आहे.
४. वहिनी म्हणाली की स्टीलची साखळी आहे, वरून सोनेरी, रोज हीच असते.
५. मावशीने फ्रिजवरचं चुंबक काढून साखळीला लावलं. ते चिकटलं नाही.
६. मावशी म्हणाली की स्टील असतं तर चिकटलं असतं. म्हणजे हे सोनं, आणि सोनं म्हणजे तुझं.
७. दादाने वहिनीच्या मानेमागचा हूक काढला आणि साखळी तुझ्या हातात दिली.
८. वहिनीने सगळ्यांना वाढलं, मग बॅग भरली आणि ती माहेरी गेली.

यात काही चुकलं असेल तर कळव. फोन दादाच उचलतो आणि तुला ऐकू येत नाही म्हणून तुझं उत्तरही तोच देतो, म्हणून हे पत्र.

चुंबकाचं सांगते. सगळं स्टील चुंबकाला चिकटत नाही. स्वयंपाकघरातल्या सुरीचं पातं चिकटतं, पण अंगावर घालायच्या साखळ्या ज्या स्टीलच्या करतात ते जवळजवळ चिकटतच नाही. सोनंही चिकटत नाही. त्यामुळे चुंबक न चिकटण्यावरून काहीच ठरत नाही. मी आठ तास याच साखळ्या तपासते. आमच्या कारखान्यात हवा काढून घेतलेल्या भट्टीत त्यांच्यावर सोनेरी थर चढतो. तो केसाहून कितीतरी पातळ असतो, पण घामाने काळा पडत नाही आणि कातडीवर हिरवा डाग पाडत नाही. तो जातो तो घासून, आणि पहिल्यांदा हुकाशेजारच्या कडीवर. तिथे पाहा, पांढरं दिसेल. सोनं कितीही झिजलं तरी आतून पिवळंच असतं.

ही साखळी घे असं वहिनीला मीच सांगितलं होतं. ती तलावात मुलांना पोहायला शिकवते. घाबरलेलं मूल पहिल्यांदा गळा धरतं. तिथे सोनं घालून जाणं हा वेडेपणा आहे.

कडी पाहून कळव. प्रकृती जप. बाकी ठीक.

तुझी,
मोजपट्टी

·

८ मार्च

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. आठ कलमं वाचून मला वाटलं कोर्टाचं समन्स आलं. तुझ्यासाठी स्थळ पाहायचं तर आधी मुलाला तुझ्या भट्टीत घालून त्याचा थर टिकतो का ते पाहावं लागेल, असं मावशी म्हणाली. आम्ही खूप हसलो. रागावू नकोस.

तुझ्या शब्दाला मान देऊन मी आणि मावशी काल सोनाराकडे गेलो. कडी वगैरे मला दिसत नाही, चष्म्याचा नंबर वाढलाय. त्याने हुकाजवळ कानस मारली आणि आत पांढरं निघालं. म्हणजे स्टील. तू म्हणतेस ते खरं ठरलं, घे, खूश हो.

पण आता मला सांग, घरात खरी साखळी असताना कुणी अगदी तश्शीच खोटी कशाला आणेल? बदलायला! खरी उचलायची आणि गळ्यात ही मिरवायची, म्हणजे कुणी विचारलं की स्टील, स्टील. मावशीच्या हे चटकन लक्षात आलं. मी तर भोळी.

तलावाच्या मॅनेजरबाई मावशीच्या ओळखीच्या निघाल्या. मावशीच्या पोटात काही राहत नाही, तुला माहीतच आहे. तिथे लहान मुली कपडे बदलतात, कानातलं-गळ्यातलं काढून ठेवतात, तेव्हा सांगितलेलं बरं, असं तिचं म्हणणं. माझ्या मनात तसं काही नव्हतं.

दादा नीट जेवतोय. न्हाणीघराचा नळ अखेर दुरुस्त झाला. तिथे स्वेटर घालत जा.

तुझी,
आई

·

१० मार्च

वन्सं,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. साखळी कुठल्या स्टीलची आहे हे तुम्ही मला फार सविस्तर लिहिलंत. मला ते माहीत होतं, कारण मी ती विकत घेतली होती. ज्यांना माहीत नव्हतं ते जेवायला बसले होते.

तुम्ही बरोबर असता. तुमचं सगळं घर आपापल्या परीने बरोबर असतं. तुम्ही तिथे असतात तर चुंबकाबद्दल सांगितलं असतंत, आणि साखळी माझ्या गळ्यातून काढायच्या आधी सांगितलं असतंत की नंतर, याचा मी विचार करतेय. हा टोमणा नाही. खरंच विचार करतेय.

तुमच्या दादाबद्दल एक सांगते. रोज सकाळी मी त्यांना मागचा हूक लावून द्या म्हणायचे आणि रोज ते म्हणायचे की एवढासा हूक माझ्या बोटांत येत नाही. लग्न झाल्यापासून तो मीच लावते. त्या दिवशी त्यांनी तो एका हाताने काढला. दुसऱ्या हातात पाण्याचा पेला होता.

तलावावर माझ्याकडून कपडे बदलायच्या खोलीची किल्ली घेतली आहे. शिकवणं बंद. मी फाटकाशी बसून येणाऱ्यांना टॉवेल देते. काल एका मुलीची आई मला पाहून थांबली, मुलीच्या कानातले काढून मुठीत घेतले आणि मग टॉवेल घेतला. धन्यवादही म्हणाली. माणसं वाईट नाहीत.

मॅनेजरबाईंनी स्पष्ट सांगितलं आहे की सासूबाईंनी दोन ओळी लिहून दिल्या, की माझ्यावर त्यांचा संशय नाही, तर किल्ली परत. नाहीतर मंगळवार, २५ तारखेला माझा हिशेब करून मला मोकळं करतील. एका तलावावरून काढलेल्या शिक्षिकेला दुसरा तलाव घेत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

मी सासूबाईंना लिहिणार नाही. तुम्हाला लिहायचं असेल तर लिहा. माझ्यावर उपकार म्हणून मात्र नको.

आपली,
(अजून) वहिनी

·

११ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

चुंबक चिकटलं नाही तेव्हा साखळी सोन्याची ठरली, म्हणून वहिनी चोर. कानस मारल्यावर ती स्टीलची ठरली, म्हणूनही वहिनी चोर. माल कसाही असो, उत्तर तेच येत असेल तर आमच्याकडे त्याला तपासणी म्हणत नाहीत. ते यंत्र बंद करून बाजूला ठेवतात. मावशीला हे वाचून दाखव.

आता तुझा अदलाबदलीचा मुद्दा. बदलण्यासाठी आणलेली वस्तू मूळ वस्तूसारखी असावी लागते. तू "अगदी तश्शीच" असं लिहिलं आहेस. मला खात्री नाही. तुझ्या साखळीच्या कड्या कशा आहेत, पिळाच्या की चपट्या, आणि ती कुठवर यायची, हे आठवून लिही. मग तिची साखळी समोर ठेवून तिच्या कड्या आणि लांबी लिही. दोन्ही सारख्या असतील तर मी पुढे बोलणार नाही.

वहिनीला नोकरीवरून काढणार आहेत. तू दोन ओळी लिहिल्यास तर काढणार नाहीत. हे तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते.

स्वेटर घालते.

तुझी,
मोजपट्टी

·

१५ मार्च

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

तुझ्या हुकमाप्रमाणे दोन्ही साखळ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. तिची चार बोटं लांब आहे आणि कड्या चपट्या. माझी पिळाची. हातात घेतली तर माझी चांगली दुप्पट जड. तेव्हा तश्शीच नाही, हे कबूल.

आता तू विचारशील की माझी आली कुठून. सापडली. मागे छातीचा फोटो काढायला गेले होते तेव्हा तिथल्या बाईने गळ्यातलं काढायला लावलं, ती मी चष्म्याच्या जुन्या घरात ठेवली आणि विसरले. सोनाराकडे गेलो त्याच्या आदल्या दिवशी मिळाली. दादाला सांगितलं. तो म्हणाला की आता राहू दे, उगाच पुन्हा विषय नको.

तू लगेच तोंड वाकडं करशील, पण माझं ऐक. मावशीने तिच्या सासूला कुठल्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं ते तू पाहिलंस ना? म्हातारी दोनदा गॅस बंद करायला विसरली, एवढंच. मावशी तेव्हा म्हणाली होती की आज गॅस विसरली, उद्या नातवाला विसरेल. आता मी सांगू की माझी साखळी माझ्याच चष्म्याच्या घरात होती आणि मी सुनेच्या गळ्यातली उतरवून घेतली? कान गेलेच आहेत, आता डोकंही गेलं म्हणतील. दादा आज माझ्या बाजूने आहे, पण तो कसा आहे हे तुला माहीत आहे, जो शेवटचं बोलेल त्याचा तो.

सुनेचं काय, ती तरुण आहे. हात-पाय धड आहेत, पोहता येतं, कुठेही काम मिळेल. माझ्या वयाच्या बाईला कोण ठेवून घेणार? आणि खरं सांगू, ती गेल्यापासून घरात शांतता आहे. ओले टॉवेल नाहीत, दारात चपलांचा ढीग नाही.

सोनाराकडे तिच्या साखळीचं पांढरं झालं ते पुन्हा सोनेरी करून मिळेल का, ते तुझ्या कारखान्यात विचार. मी घालीन म्हणते रोजच्याला. माझी आता लॉकरमध्ये ठेवली आहे. ही हलकी आहे, मानेला रुतत नाही.

हे तुझ्या-माझ्यात राहू दे. तू मुलगी आहेस माझी.

तुझी,
आई

·

१७ मार्च

ती. आईस,
नमस्कार.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. सोनेरी थर फक्त एका जागी पुन्हा चढवता येत नाही. सगळी साखळी सोलून नव्याने करावी लागते आणि एका साखळीसाठी कुणी भट्टी लावत नाही. शिवाय ती तुझी नाही. घालू नकोस. गळ्यातून काढून कागदात गुंडाळ आणि तिच्या माहेरच्या पत्त्यावर पाठव.

तू विसरलीस यात दोष नाही. वय झालं की माणसं विसरतात आणि मी तुला त्यावरून एक शब्द बोलले नसते. पण सोनाराकडे तू सापडलेली साखळी घरी ठेवून गेलीस, तिच्या साखळीवर कानस मारून घेतलीस आणि परत येऊन मला लिहिलंस की तिने बदलली. त्यात काहीही विसरलेलं नाही. तुझी स्मरणशक्ती उत्तम आहे. मावशीने शंका घेतली तर मी तसं लेखी देईन.

तुला भीती वाटते ती मला खोटी वाटत नाही. मावशीच्या सासूला भेटायला मी गेले होते. तिला सगळं आठवतं. कुणी कुठल्या दिवशी तिची बॅग भरली तेसुद्धा. तशी वेळ तुझ्यावर येऊ नये असं मला वाटतं. पण तिथे तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला बसवून तू वाचणार नाहीस. दादा त्या दिवशी तिच्या गळ्यातला हूक एका हाताने काढू शकला. ते काम तो शिकला आहे आणि शिकवलंस तू.

त्याला वेगळं पत्र लिहीत नाही. तुला येणारी पत्रं तो वाचतो, हेही वाचेल.

वहिनीने घरी परत यावं असं मी तिला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. माझं मागणं एवढंच आहे की तिची नोकरी राहावी. त्यासाठी तू मॅनेजरबाईंना स्वतःच्या अक्षरात लिहायचं: माझी साखळी माझ्याच घरात सापडली, सुनेची तिच्या स्वतःच्या मालकीची होती, माझा तिच्यावर संशय नाही. तीन वाक्यं. कारण लिहू नकोस, चष्म्याचं घर लिहू नकोस. कुणी विचारणार नाही. म्हातारी ठरायचं नसेल तर याहून कमी शब्दांत सुटका होणार नाही.

तू लिहिलं नाहीस तर मंगळवारी सकाळी मी रजा काढून तलावावर जाईन आणि तुझं पंधरा तारखेचं पत्र मॅनेजरबाईंना वाचायला देईन. सगळं, टॉवेलांच्या आणि चपलांच्या ओळींसकट. त्या मावशीच्या ओळखीच्या आहेत. पुढे ते कुठे जाईल ते तू जाणतेस. मी तुझी मुलगी आहे हे तू लिहिलं आहेस, म्हणून हे तुला आधी सांगते आहे. दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं.

औषधं वेळेवर घे. माया राहू दे, निदान या पत्राचं उत्तर लिहीपर्यंत तरी.

तुझी,
मुलगी

ता. क. तीन वाक्यांचा कागद मॅनेजरबाईंना पोचवलास की नाही, एवढं सोमवार, २४ तारखेपर्यंत मला कळव.