उन्हाच्या धंद्यात मी

२ मार्च, सोमवार
कोळशाचं वीजकेंद्र बंद झालं. फाटकासमोरची माझी सॉसेज रोलची गाडीही बंद. सगळ्या पाळ्यांची पोटं मी भरली, निरोपाच्या भाषणात नाव कॅन्टीनवाल्याचं. असो.
बायकोचा, नोएलीनचा, हुकूम: ईस्टरपर्यंत मला किंवा तिला काम लागलं नाही, तर घर भाड्याने देऊन ब्रिस्बेनला, तिच्या बहिणीकडे, ग्लेनिसच्या मागच्या खोलीत. माझ्या घोरण्यावर, जेवण्यावर, बसण्यावर ग्लेनिसची ठाम मतं आहेत.
निर्धार: भविष्य सोलरमध्ये आहे. मीही तिथेच. नोएलीनला सांगितलं. म्हणाली, आधी कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेऊन ठेव.

५ मार्च
पर्याय पहिला: छतावर पॅनेल बसवणं. इलेक्ट्रिशियन डॅरल म्हणाला, तुझ्याकडे लायसन्स नाही, तू नुसतं सामान वर दे. शिडीवर निम्म्यात थांबलो. भीती नव्हे, खोऱ्याचा देखावा बघत होतो. डॅरल वरून ओरडला, अरे बाबा, देखावा डोळे उघडून बघायचा असतो! शेवटी घरमालकीणबाईंनी हात धरून उतरवलं. बाई ऐंशीच्या असतील. पकड उत्तम.
मी मुळात जमिनीवरचा माणूस.

१२ मार्च
पर्याय दुसरा: दारोदार पॅनेल विकणं. बोलणं हा तर माझा हातखंडा. केंद्रातलं माझं जुनं गिऱ्हाईक, बर्ट, त्याने दार उघडलं. अर्धा तास बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, मर्व्ह, जरा मागे सरकून वर बघ. छतभर पॅनेल. पलीकडच्या घरावर पण. गल्लीभर. वर बघण्याची सवय मी शिडीनंतर मोडली होती.
बर्टने विचारलं, गाडीत एखादा रोल आहे का? नव्हता. रोलचा बाजार उशिरा जागा झाला, माझा दोष नाही.

२० मार्च
माझे कान म्हणजे भांडवल. पबमध्ये शेजारच्या टेबलावर ऐकलं: गावाबाहेरच्या सोलर फार्मवर पॅनेलखालचं गवत खायला मेंढ्या हव्यात. तडक तिथल्या मॅनेजर अरोहाकडे, मेंढ्या मी आणतो म्हणून. म्हणाली, बरं, आठवडाभर बघू.
मेंढी सध्या फार महाग. शेळ्या स्वस्तात मिळाल्या. चार पाय, एक तोंड, गवत खातात. फरक कुठाय?

२३ मार्च
फरक कळला.
मेंढी पॅनेलखाली चरते. शेळी पॅनेलवर चढते. ही पॅनेलं दिवसभर सूर्यामागे वळतात. एक बोकड सकाळी पूर्वेला तोंड करून उभा राहिला आणि पाऊलही न उचलता संध्याकाळी पश्चिमेला पोचला. मी हाका मारल्या. त्याने माझ्याकडे बघितलं, ग्लेनिस बघते तसं.
मदतीला माणूस शोधला. एवढ्या मैलभराच्या पसाऱ्यात कामाला तिघंच. तिघंही डबा घरून आणतात. रोलची गाडी इथे लावण्याचा विचार सोडला.

२४ मार्च
अरोहाला समजावलं की शेळ्या काचेवरची धूळ पुसतात. ती म्हणाली, पुसतात, आणि वायरी पण खातात. शेवटी नोएलीन ओट्सची बादली वाजवत आली. पाच मिनिटांत सगळ्या शेळ्या ट्रकमध्ये. मग दोघी चहा घेत बसल्या. नोएलीन वीजकेंद्रात कोळशाच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर होती, पाळ्या आणि अलार्म तिला पाठ. अरोहाला कंट्रोल रूमसाठी असंच कुणीतरी हवं होतं. मी मध्येच माझं नाव सुचवलं. दोघी खूप वेळ हसल्या. वातावरण चांगलं होतं.

२ एप्रिल, ईस्टरच्या आधी
जिंकलो! नोएलीनला नोकरी लागली. ब्रिस्बेन रद्द. शेवटी घर सोलरमध्ये आलंच, आणि ओळख कुणी करून दिली?
फक्त तिची पाळी बारा तासांची. इतका वेळ घर माझ्या हाती सोडायला ती तयार नाही. म्हणून दुपारच्या गाडीने ग्लेनिस आली. कायमची. मोठ्या बॅगा, स्वतःची उशी.
आत्ताच भिंतीवर टकटक करून म्हणाली, मर्व्ह, तुझं पेन फार कुरकुरतं.
उद्यापासून पेन्सिल.