सहाची रिंग

६ फेब्रुवारी, मंगळवार

काय मेली ती दुकानदारी! जुना फोन काढून घेतला आणि माझा नंबरच मारून टाकला!

महिनाभर मेसेज येत होते — तुमचा बटणांचा फोन आता चालणार नाही, अपग्रेड करा. सूनबाई म्हणाली, "चला आई, एकदाचं होऊन जाऊ दे." गेलो. काचेचं दुकान, आत असा गारठा की भाजी आठवडाभर टिकेल. टायवाल्याने गोड गोड बोलत जुना फोन ड्रॉवरमध्ये टाकला आणि नवा हातात दिला. घरी येऊन बघतो तर नंबर भलताच! सूनबाईने दुकानात फोन लावला. टायवाला म्हणतो, "आजींचा जुना नंबर वापरात नव्हता. सिस्टीमने बंद केला."

वापरात नव्हता? रोज सकाळी सहाला वाजतो तो!

७ फेब्रुवारी, बुधवार

सहा वाजले. नवा फोन मख्खासारखा टेबलावर.

धाकटी बहीण एकटी राहते, दोन बस लांब. आम्ही बोललो की भांडतो. तिसऱ्या वाक्याला आईच्या आजारपणात कोणी किती केलं यावर गाडी येते. म्हणून बोलणंच बंद केलं आणि ठरवलं — सहाला तिने एक रिंग द्यायची आणि तोडायची, मी एक उलट द्यायची. दोघी उठलो, संपलं! लागोपाठ तीन सकाळी रिंग चुकली तर घराला कुलूप लावून निघायचं. अकरा महिने झाले, एकदाही चुकली नाही.

तिचा नंबर मला पाठ नाही. दोनचं बटण दाबून धरलं की धाकटी. एवढंच ठाऊक. मुलाकडे नाही, सूनबाईकडे नाही — बोलतंय कोण, लिहून घेतंय कोण! बटण गेलं ड्रॉवरमध्ये.

बोलणं बंद व्हायच्या आधी, इकडे येताना ती बसस्टँडवर धडपडली होती. हाताला टाके पडले. तिने एकटीने निघता कामा नये. माझा गुडघा बसची पायरी चढत नाही, आणि मुलगा ट्रक घेऊन गेलाय तो रविवारी उगवेल, सूनबाईला रजा नाही.

म्हणजे शुक्रवारच्या आत माझा जुना नंबर परत पाहिजे, तिची रिंग यायला.

दुपारी कंपनीला फोन. यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. चाळीस मिनिटं बाजा ऐकला. मग एक माणूस आला.

"मॅडम, या नंबरवर अकरा महिन्यांत एकही कॉल नाही."

"आणि रिंग?"

"रिंग धरत नाहीत. उचलला तरच कॉल."

अरे, उचलायचा नाही हेच तर ठरलंय आमचं!

"तक्रार नोंदवली. सात दिवस लागतील. आणखी काही मदत करू?"

आणखी! आधी एक तरी कर की बाबा!

८ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरी सकाळ. गेली.

सूनबाईने कामावर जाता जाता मला दुकानात सोडलं. पाण्याची बाटली, डबा, उशी. काउंटरसमोरच्या उंच स्टुलावर ठाण मांडलं. टायवाला म्हणाला, जुना फोन गोदामात गेला, आतलं सगळं पुसलं. कपाळ माझं!

मग येईल त्याला सांगत बसले, "अपग्रेडला आलात? घरच्यांचे नंबर आधी कागदावर उतरवा. इथे माणसं पुसतात." दोघं आल्या पावली परत गेले. तेव्हा कुठे मॅनेजर केबिनमधून बाहेर आला.

"आजी, तुम्ही घरी जा. आम्ही फोनवर कळवतो."

"कुठल्या नंबरवर?"

रांगेतली माणसं खदाखदा हसली. त्याचे कान लाल! म्हणाला, वर बोलतो. म्हटलं, बोला, मी इथेच जेवते.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

तिसरी सकाळही गेली.

दुकान उघडायच्या आधीच दाराशी उभी. टायवाल्याने मला बघितलं आणि कुलूप उघडता उघडता किल्ली पाडली. बरं वाटलं.

एक वाजता नंबर सुरू! मॅनेजरने कागद पुढे केला — ग्राहकाचं समाधान झालं, सही करा. मी चौथी शिकलेली, पण एवढं वाचता येतं. नाव लिहिलं आणि खाली ठसठशीत अक्षरात — समाधान नाही.

जिंकले. तेव्हापासून फोन पदरात धरून बसलेय. नंबर माझा आहे, पण लावू कुणाला? तिचा नंबर अजून नाहीच. तिने लावला तरच.

फोन गप्प. निघाली असणार.

१० फेब्रुवारी, शनिवार

काल दिवेलागणीला ती आली. "आहेस की जिवंत!" म्हणाली. हात आधी चौकटीला लागला, मग भिंतीला, मग माझ्या तोंडाला.

डोळे गेलेत. आठ महिने झाले. बटणं बोटांना पाठ, म्हणून रिंग येत राहिली. एका कंडक्टरने दुसऱ्याच्या हाती दिली, त्याने दारापर्यंत आणली.

"सांगितलं का नाहीस गं?"

"विचारलंस कधी?"

परत जायची नाही ती. मी सांगितलंय. सकाळपासून भांडतोय आम्ही.

सूनबाईलाही बजावलंय — कंपनीचा फोन येणार आहे, समाधान झालं का म्हणून विचारायला. मी नाही, तू नाही. धाकटीनेच उचलायचा. भांडावं तर तिनेच!