रुपरावाचा हिस्सा

मी, गोपिका धोंडबाजी राऊत, वय एकाहत्तर, राहणार महाल, नागपूर, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोके शाबूत आहे. रागही शाबूत आहे.

१. माझे दोन खोल्यांचे घर माझ्यामागे एकट्या माझ्या मुलीचे, नीलाचे. तिला ऐकू-बोलू येत नाही. व्यवहार मात्र चोख कळतो. माझा धाकटा भाऊ रुपराव वर्षभर मागे लागला आहे, "ताई, घर माह्या नावानं करून दे, नीलाले मी पाह्यतो." त्याचे पाहणे मी पाहिले आहे.

२. यजमान गेल्यावर नरखेडची संत्र्याची बाग विकली आणि आलेले पंधरा लाख, पाच-पाच लाखांच्या तीन ठेवपावत्या करून, रुपराव अध्यक्ष असलेल्या सहकारी बँकेत ठेवायचे ठरवले. एक पावती नीलाच्या नावे कर म्हटले, तर म्हणाला, "तिले काय समजते, ताई? तिन्ही पावत्या तुह्याच नावानं करू." बँक बुडाली. ठेवींचा विमा माणसामागे मिळतो, पावतीमागे नाही. पूर्वी तो एक लाखच होता. नियम सुधारले म्हणून मला पाच लाख तरी मिळाले. रुपराव काही सुधारला नाही. एक पावती नीलाच्या नावे असती तर तिचेही पाच लाख सुटले असते. हे मी त्याला मेल्यावरही माफ करणार नाही.

३. विम्याचे पैसे नीलाचे. उरलेले दहा लाख, बुडालेली बँक विकून देणी फेडणाऱ्या अवसायकाकडून कधी आलेच, तर तेही तिचेच.

४. त्याच बँकेचे माझे शेअर्स रुपरावास. बुडालेल्या बँकेत सगळ्या ठेवीदारांचे फिटल्यावर भागधारकांचा नंबर लागतो. राहा म्हणावे रांगेत उभा.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲडव्होकेट मेघा वानखेडे करतील. नातेवाइकांचे मंडळ मी बरखास्त केले आहे.

६. मी गेल्यावर रुपराव कोर्टात सांगेल की ताईचे डोके ठिकाणावर नव्हते. म्हणून साक्षीला त्यालाच बोलावले आहे. घर आपल्या नावे होत आहे अशी त्याची समजूत आहे. मी ती मोडलेली नाही. बँकेच्या चौकशीत तो म्हणाला होता, "मी कागद वाचत नाही जी, दाखवलं तिथं सही करतो." तेवढे तरी तो खरे बोलला असावा, या भरवशावर मी आहे.

नागपूर, दि. ११ फेब्रुवारी २०२६

(सही) गोपिका धोंडबाजी राऊत

गोपिकाबाईंनी पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने, आम्हां दोघांसमोर सही केली. साक्षीदार:

१. (सही) कामिनी चौधरी, शेजारीण

२. (सही) रुपराव ढोबळे, सख्खा भाऊ