सदतीस वाट्या

भिलाई, १२ फेब्रुवारी

तीर्थरूप हरिभाऊंना वासंतीचा नमस्कार.

रविवारी तुम्ही "आठ दिवसांत माझं घर रिकामं पाहिजे" एवढंच बोलून फोन ठेवला आणि नंतर मी चारदा लावला तरी उचलला नाही, म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. पत्र तुम्ही मधेच ठेवणार नाही. लहानपणी औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा.

वहिनींचे गुडघे कसे आहेत? (मी सांगितलेलं तेल त्या लावत नसतील, हे मला ठाऊक आहे.) तुमची शुगर ताब्यात आहे असं सुमंत सांगतो, पण तो तुमचाच मुलगा, तुमच्याच बाजूने बोलणार. मी ठीक आहे. शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी माझ्या एका हाकेत बाजारातली माणसं रांग धरतात.

आता मुद्दा. होय, वैशाली नगरच्या तुमच्या घरात माणसं राहतात आणि किल्ली मीच दिली. दिवाळीनंतर आमच्या महिला मंडळाकडे निरोप आला की सिंध प्रांतातून, म्हणजे पाकिस्तानातून, एक कुटुंब घरदार सोडून आलं आहे. रायपूरच्या नातेवाइकांकडे दोन खोल्यांत चौदा माणसं झाली, तेव्हा थोडे दिवस कुणाकडे जागा आहे का? मी उभी राहून सांगितलं की माझ्या माहितीत एकही रिकामं घर नाही. हे सांगताना माझा हात पर्समध्ये तुमच्या किल्लीवर होता. तुम्ही नागपूरला गेल्यापासून सहा वर्षं दर शनिवारी मी ते घर उघडून झाडते आणि परत बंद करते. एवढी वर्षं मी फक्त धूळ सांभाळली, असं त्या क्षणी वाटलं आणि मी पुन्हा उभी राहिले.

नवरा हरचंद, बायको मूमल, सासू आणि आठ वर्षांची मुलगी. सोबत दोन गाठोडी. मी पहिल्याच दिवशी शुद्ध हिंदीत चौदा नियम पुठ्ठ्यावर लिहून स्वयंपाकघरात टांगले. (नियम चौथा, संडासाची साखळी जोरात ओढू नये. नियम नववा, शेजाऱ्यांशी विनाकारण बोलू नये.) पुढच्या शनिवारी जाते तर पुठ्ठ्याला हळदकुंकू लावलेलं आणि खाली उदबत्ती! मूमल सातवी शिकलेली आहे, पण तिची सिंधी उजवीकडून डावीकडे लिहितात; आपली अक्षरं तिला येत नव्हती. घरमालकाच्या कुलदैवताचं स्तोत्र असावं म्हणून ती साखळीच्या नियमाला रोज हात जोडत होती. मी पुठ्ठा तसाच राहू दिला. इतक्या मनोभावे माझे नियम शाळेतही कुणी मानले नव्हते.

मंडळाची मदत मात्र आपल्या लोकांनीच करावी अशी झाली. अध्यक्ष गिरजाबाईंनी फर्मान काढलं की प्रत्येकीने संसाराला लागणारी एक नवी वस्तू आणावी. आता आपल्याकडे घरात नवी पण न वापरलेली वस्तू म्हणजे काय? संक्रांतीचं वाण. प्रत्येकीने माळ्यावरची, वाण देणारीचं नाव कोरलेली स्टीलची वाटी काढली आणि पुसून आणली. सदतीस जणी, सदतीस वाट्या. तवा नाही, बादली नाही, पांघरूण नाही. आधी चार बैठका झाल्या होत्या, त्यांतल्या दोन चहा कुणाकडे यावर. त्या चादरीवर मांडलेल्या वाट्या पाहून मला आयुष्यात प्रथमच मान खाली घालावीशी वाटली.

मूमलने वाट्या मोजल्या आणि हसली. मी शिधा म्हणून दिलेल्या रव्यातून सासूने गुळाचा शिरा केला, तो छत्तीस वाट्यांत भरला आणि दोघी गल्लीतल्या छत्तीस दारांवर गेल्या. "हम नए आए हैं," एवढंच बोलायच्या. भाऊ, त्या गल्लीत मी सहा वर्षं येते-जाते. गिरजाबाई सोडल्या तर मला तिथली दोनच नावं माहीत होती, त्यातलं एक चुकीचं निघालं.

आणि आपल्याकडे आलेली वाटी कुणी रिकामी परत करतं का? दोन संध्याकाळींत तुमच्या ओसरीवर रांग लागली. कुणाच्या वाटीत डाळ, कुणाच्या वाटीत लोणचं आणि बगलेत ब्लँकेट. एका घरातून बिनशिट्टीचा कुकर आला, तर समोरच्या घरातून नुसती शिट्टी. मूमलला नावं वाचता येत नसल्याने गिरजाबाईंना नेमकी त्यांचीच वाटी गेली होती. त्या धावत माझ्याकडे आल्या. "बाई, माही वाटी मलेच आली, अन् थेही शिऱ्यासकट! आता मी कोणतं तोंड दाखवू?" मी म्हटलं, तवा घेऊन जा, तोंड कुणी पाहणार नाही. गेल्या, आणि तिथेच रात्रीपर्यंत भाकरी थापत बसल्या.

तुमचे शेजारी देवाजी पटले यांना वाटीत काही घालता आलं नाही, एकटाच माणूस. ते रिकामी वाटी घेऊन आले आणि हरचंदला हथखोजच्या कारखान्यांकडे नेलं, ओळखीच्या वर्कशॉपमध्ये. तो पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरण्यात तरबेज आहे. दुसऱ्या दिवसापासून कामावर. तुम्हाला फोन त्यांनीच केला. मी जाब विचारला तर बिचारे रडकुंडीला आले. "म्या तर सांगून राहिलो होतो का भाऊ, तुमच्या घरात दिवा लागला, लय बरं वाटते. त्याईनं अर्धंच आयकलं अन् फोन ठेवला!"

गेल्या शनिवारी मूमल तो पुठ्ठा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. मुलीबरोबर ती आपली अक्षरं शिकते आहे. बोट ठेवत ठेवत तिने नववा नियम वाचून दाखवला आणि पांढरी पडली. "दीदी, गलती हो गई. मैं तो सबसे बोल ली. अब निकालोगी?" सगळं मागे टाकून आलेली ही बाई, भाऊ, माझ्या पुठ्ठ्याला घाबरली. आणि आम्हाला चार बैठकांत जमलं नाही ते तिने दोन संध्याकाळींत केलं होतं, ते माझा नियम वाचता येत नव्हता म्हणून. मी थक्क झाले. (हे वाक्य मी सहज लिहीत नाही, तुम्ही जाणता.) मी पेन काढलं आणि नववा नियम खोडला.

घर तुमचं, निर्णय तुमचा. मी काहीही मागत नाही.

तुमची धाकटी बहीण,
वासंती

ता. क. इथे राहण्याची त्यांची परवानगी वाढवून घ्यायची आहे. पत्त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद वीस तारखेच्या आत द्यावा लागतो. तो नसेल तर अर्ज पुढे जाणार नाही. ही मागणी नव्हे, माहिती आहे.

ता. क. २. वर "थोडे दिवस" लिहिलं आहे, त्या शब्दाला फार धरून बसू नका. मुलगी शाळेत जायला लागली आहे.

ता. क. ३. छत्तीस वाट्या गेल्या, सदतिसावी मूमलने राखून ठेवली होती. तिच्यावरचं नाव तिने परवा स्वतः वाचलं.

उद्या नागपूरला येणाऱ्या शकुबाईंच्या हाती सोपवलं ते असं: पत्त्याचा कागद एक, सहीच्या जागी पेन्सिलीची खूण. पेन एक, कारण तुमचं कधी चालत नाही. वाटी एक, वर कोरलेलं "सौ. स्वानंदी हरिभाऊ, संक्रांत २०११", म्हणजे आपल्या वहिनींचीच, आत मूमलच्या सासूने केलेल्या गोड जाड पोळीचे चार तुकडे, शुगरमुळे तुम्हाला एकच. शकुबाई मंगळवारी परत निघतात. वाटी त्यांच्या हाती द्या. रिकामी नको.