पोकळ वाजणारी भिंत

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (दाजींना वेगळा लिहीत नाही. पत्र आधी तेच फोडतात, हे मला ठाऊक आहे.) तुझी कंबर कशी आहे? तुझी भावजय मुलांना घेऊन तिकडे आहे, तेव्हा ती तुला वाकू देत नसेल. घर तपासणीत पास झाल्याशिवाय परत येणार नाही, असं बजावून गेली आहे. इथे मी वाळूच्या ढिगाशेजारी एकटा. खरं सांगतो, मुलांच्या भांडणावाचून करमत नाही.

घराचं म्हणशील तर पहिल्यापासून कुठेतरी पाणी मुरतंय. (छतात नव्हे, माणसांत.) पायाच्या तपासणीला साहेब आले, टेप लावून मोजलं, "उत्तम" म्हणाले आणि चहासुद्धा न घेता निघाले. चहा नको म्हणणारा साहेब तू कधी पाहिलायस? स्लॅबच्या वेळीही तेच. जाताना त्यांनी गवंड्याकडे बघून मान हलवली, त्यानंही हलवली. (मी टाकीमागे बसून पाहत होतो. टाकीमागे कशाला बसलात, असं प्लंबरने विचारलं. याला कशाला हव्यात चौकश्या?) शिवाय गवंडी काम करताना गुणगुणतो. मन साफ असलेला माणूस सिमेंट कालवताना गातो का?

म्हणून प्लास्टर झाल्यावर, सगळे जेवायला गेले तेव्हा मी छिन्नी-हातोडा घेऊन जिन्याजवळचा खांब जरासा उकरून पाहिला. आत लोखंडी गज आहेत की नुसतीच हवा? गज निघाले. तेव्हा तर माझी खात्रीच पटली, की मी इथेच बघणार हे त्यांनी ताडलं होतं. मग पलीकडचा खांब पाहिला. तिथेही गज. मग स्वयंपाकघरातला. ताई, एकाही खांबात लबाडी सापडू नये, इतकी तयारी साधा माणूस करत नाही.

शेवटच्या तपासणीला साहेब आले आणि दारातच थबकले. गवंड्याचं गाणं थांबलं.

"हे कुणी केलं?" साहेबांनी विचारलं.

"उंदीर असतील," मी म्हणालो.

"उंदीर छिन्नी विसरून जात नाहीत," गवंडी म्हणाला आणि खांबाशी पडलेली माझी छिन्नी त्याने साहेबांच्या हातात दिली.

घर नापास झालं. त्या दिवशी मात्र साहेबांनी चहा मागून घेतला. भावजयीला यातलं काही कळू देऊ नकोस. रंगारी मिळत नाही म्हणून लांबलंय, एवढंच सांग.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : दुरुस्तीला परवानगी मिळाली, पण एका अटीवर. काम पुरं होईपर्यंत मालकाने जागेवर पाऊल टाकायचं नाही. हे ऐकून गवंडी पुन्हा गायला लागला आहे. तेव्हा शनिवारी तुझ्याकडे राहायला येतो. मुलांना सांग. त्यांच्या आईला मी आल्यावर हळूहळू सांगेन.

आणखी ता. क. : मागच्या खेपेला तुझ्या बैठकीतली, दाजींच्या खुर्चीमागची भिंत मला जराशी पोकळ वाजली होती. मी येईपर्यंत कुणापाशी बोलू नकोस. माझी छिन्नी साहेबांनी ठेवून घेतली आहे. दाजी आपली कुठे ठेवतात, तेवढं बघून ठेव.