वाकड्या तोंडाचे चित्र

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतील निवृत्त साहाय्यक, गुडघ्यांनी दगा दिला असला तरी डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवत आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते.

एक. राहत्या दोन खोल्या आणि बँकेतील ठेव पुतणीला. तिच्या बापाशी, म्हणजे दादाशी, माझे बोलणे बंद असूनही ती दर रविवारी येत राहिली. भिंतींना तिने हवा तो रंग द्यावा.

दोन. स्लाइड प्रोजेक्टर प्रयोगशाळेला. त्यावर मी तीस वर्षे लोकांना चित्रे दाखवली आणि कोणते सुंदर वाटले ते लिहून घेतले. तत्त्वज्ञानाचे सर येऊन म्हणत, "चित्राकडून स्वतःसाठी काही नको असेल, तेव्हाच ते सुंदर आहे का ते कळतं." आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणत, "सर, माणसाला ओळखीचं तेच आवडतं. आकडे बघा." मला त्यांच्या भांडणाची गंमत वाटे. मग बाईंनी प्रत्येकाला स्वतःचेच दोन फोटो दाखवले, एक सरळ, एक आरशातल्यासारखा डावे-उजवे उलटून छापलेला. बहुतेकांना स्वतःचा उलटा आवडला, त्यांच्या मित्रांना मात्र सरळ. आपण स्वतःला फक्त आरशातून ओळखतो, एवढेच कारण. त्या दिवशी मी अर्धी रजा टाकून घरी गेले.

तीन. कपाटामागे कापडात गुंडाळलेले चित्र. ते माझ्या चेहऱ्याचे आहे, धाकट्या भावाने काढलेले. स्पर्धेला पाठवण्याआधी त्याने मला दाखवले. "ताई, कशी वाटतेय?" मी म्हणाले, "तोंड वाकडं काढलंयस. भुवई भलतीकडेच चढलीय." शेजारी दादा उभा होता. तो म्हणाला, "अगं, अगदी तूच आहेस." मला तो टोमणा वाटला. धाकट्याने चित्र पाठवले नाही. चित्रे सोडून तो इमारती रंगवायच्या कामाला लागला आणि दुसऱ्याच वर्षी परांचीवरून पडून गेला. तेव्हापासून मी दादाशी बोलले नाही. कोणावर तरी राग काढायचा होता.

रजेच्या त्या दिवशी मी चित्र आरशासमोर धरले. आरशात मी होते. तोंड सरळ, भुवई जागेवर, आणि नजरेत एक माया, जी माझ्यात आहे हे मला ठाऊक नव्हते. नंतर मी घरातले सगळे आरसे काढून टाकले. तरी खिडकीच्या काचेत, बंद टीव्हीत तो चेहरा दिसतो आणि मागून कोणी विचारते, कशी वाटतेय. मी मोठ्याने उत्तर देते. विचारणे थांबत नाही. मला भीती वाटते.

हे चित्र दादाला. त्याचे बरोबर होते आणि मी त्याच्याशी वाईट वागले, हे मी येथे कायदेशीररीत्या मान्य करते. तोंडावर म्हणायचा धीर झाला नाही.

चार. मी गेल्यावर माझा फोटो कुठेही लावू नये. हे चित्र लावावे. भेटायला येणाऱ्यांनी मला धाकट्याने पाहिले तसे पाहावे. मला ते एकदाही जमले नाही.

वरील मजकूर चष्मा लावून दोनदा वाचला व सही केली. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले, मी त्यांना.

सही: ताई
साक्षीदार: १. तळमजल्यावरील शिंपीणबाई २. माझे डॉक्टर
ठिकाण: राहते घर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: चौदा मार्च